झोपला तो उठेचना

ऑफिसात सगळेच त्याला दादा म्हणतात, पण माझा तो सख्खा दादा. आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधला, म्हणजे तिच्या गाभ्यातला, फाइल लॉकिंगचा कोड त्याच्या ताब्यात. एका फाइलवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमने लिहावं, बाकीच्यांनी रांगेत झोपून राहावं आणि लॉक सुटलं की पुढच्याला उठवावं, एवढंच त्या कोडचं काम. पण पंधरा वर्षांत त्याचा नुसता उकिरडा झाला होता.

तीन महिने खपून मी तो साफ केला. अडतीस छोटे छोटे पॅच, म्हणजे कोडमधले बदल! सोमवारी सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "चालतंय ते कशाला उकरतेस?" माझं डोकंच फिरलं. "शुक्रवारी पाचपर्यंत माझ्या पॅचसकट लॉकिंगची टेस्ट पास झाली नाही, तर लॉकिंगला पुन्हा हात लावणार नाही," असं बोलून बसले. माझ्या जिभेला हाड नाही.

शुक्रवारी दोनला टेस्ट अडकली. एक प्रोग्रॅम झोपला तो उठेचना. दादा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. "सांगत होतो ना, शहाणे?"

"गप बस रे!" म्हटलं आणि एकेक पॅच काढून बघायला लागले. एकतिसावा काढला की टेस्ट सुरळीत चालायची. त्यात मी काय केलं होतं? कुठलंही लॉक सुटलं की रांगेतल्या झाडून सगळ्यांना उठवणारी एक फालतू ओळ उडवली होती. म्हणजे कुणाला तरी उठवायचं राहत होतं आणि ही ओळ ते झाकत होती. साडेतीनला सापडलं. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर त्याचं लॉक सुटायचं, पण पुढच्याला कुणी हाकच मारत नव्हतं.

कोड कुणी कधी बदलला त्याच्या जुन्या नोंदी उघडल्या. हाक मारायला विसरला होता दादा, पंधरा वर्षांपूर्वी. आणि सगळ्यांना उठवणारी ओळ घातली होती मी, नवी असताना, कारण न शोधता! लाजेने कान तापले. राहिलेली हाक घालणारा एकोणचाळिसावा पॅच लिहिला, टिपणीत दोघांच्याही चुका जशाच्या तशा मांडल्या आणि टेस्ट लावली.

पावणेपाच. हजारो वेळा लॉक लागलं, सुटलं, एकही प्रोग्रॅम अडकला नाही. पास! टेबलावर अशी थाप मारली की पलीकडचा टेस्टवाला दचकून उभाच राहिला.

दादाने टिपणी वाचली. "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस?"

"माझीही मांडलीय की."

तो खो खो हसला आणि सगळे पॅच मुख्य कोडमध्ये घेतले. मग चाळिसावा स्वतः लिहून मला पाठवला. एकाच ओळीचा बदल. फाइल लॉकिंगची जबाबदारी कुणाकडे, त्या ओळीत त्याचं नाव काढून माझं घातलेलं.

"तपासून घे," म्हणाला. "आता तुझ्या होकाराशिवाय मलाही हात लावता यायचा नाही."

मला आनंदाने रडूच फुटलं. पण पॅच मात्र तपासूनच घेतला.