भट्टी थंड पडू द्यायची नाही

"काका, ही चादर सकाळी पांढरी वाळत घातली होती मी!" समोरच्या इमारतीतल्या मावशी गच्चीवरून ओरडल्या.

खाली बेकरीच्या दारात उभ्या असलेल्या काकांनी मान वर केली. चादरीवर काजळीचे ठिपके होते आणि ते कुठून आले हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं, की वारा उलटा होता, त्याला ते तरी काय करणार. वाऱ्याला जाब विचारता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून भांडण तिथंच मिटायचं आणि पुढच्या धुण्याला पुन्हा सुरू व्हायचं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गल्लीत असं एखादं जुनं, जपलेलं भांडण असतं.

बेकरी काकांच्या वडिलांनी, आबांनी, उभी केली होती. विटांची भट्टी, तिला जाड लोखंडी दार, आणि पाव आत सारायला लांब दांड्याची फळी. त्या फळीचा दांडा आबांच्या हातांनी जिथं झिजला होता, तिथंच काकांची मूठ अजून बसत असे. पाव सकाळीच भाजून व्हायचे, पण काका दिवस मावळेपर्यंत भट्टीत लाकूड घालत राहायचे. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "आबा जाताना सांगून गेलेत, भट्टी थंड पडू द्यायची नाही." बापाच्या शेवटच्या शब्दापुढे कोण काय बोलणार?

पुढे शहरानं हवेत जाणारा कार्बन कमी करायचं मनावर घेतलं, आणि एके दिवशी महापालिकेची इंजिनीअर बाई बेकरी संघटनेच्या माणसाला घेऊन काकांच्या दारात आली. लाकडाची भट्टी काढून विजेची बसवायची, मदत पालिका आणि संघटना मिळून करतील, असं तिनं समजावलं.

"तुमची वीज तरी कोळसा जाळूनच होते ना?" काकांनी विचारलं.

"बरीचशी होते," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "म्हणून तर समोरच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायची आहेत. गच्ची रहिवाशांनी द्यायची, भट्टी तुम्ही बदलायची. दोघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी ही गल्ली योजनेतून बाहेर."

काकांना राग आला. आबांच्या भट्टीला हात लावू देणार नाही, असं सांगून ते आत निघून गेले. धुराच्या नावानं रोज बोटं मोडणाऱ्या मावशी तरी आनंदानं तयार होतील, तर तेही नाही. गच्ची दिली तर चादरी काय डोक्यावर वाळवू, असा त्यांचा सवाल होता. धूर दुसऱ्यानं कमी करावा, यावर मात्र सगळ्या गल्लीचं एकमत होतं.

त्या आठवड्यात काकांची थोरली बहीण, आक्का, भेटायला आली. दुपारची वेळ होती. लहानपणी बसायची तशी ती मैद्याच्या पोत्यावर टेकली आणि भावाची सगळी तक्रार तिनं शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "दार उघड बघू भट्टीचं."

काकांनी दार उघडलं. आत लाकूड धडधडत होतं, तापल्या विटा लाल दिसत होत्या. बाकी काही नव्हतं.

"काय भाजतोयस?"

"आत्ता काही नाही."

"मग एवढं लाकूड कुणासाठी जाळतोस?"

"आबांनी सांगितलं होतं, आक्का. तू विसरलीस?"

"मी नाही विसरले. तू अर्धंच लक्षात ठेवलंस. दुपारी इथं भांडी यायची, आठवतं?"

काकांना आठवलं, आणि एकदम सगळंच आठवलं. पाव झाले की गल्लीतल्या बायका झाकणाची भांडी घेऊन यायच्या. कुणाचं कडधान्य, कुणाचे बटाटे, कुणाचं आटवायचं दूध. आपलं भांडं ओळखू यावं म्हणून प्रत्येकीनं कडीला रंगीत दोरा बांधलेला असे. आक्का दोरे बघून भांडी लावायची आणि तेव्हा लहान असलेले काका रंग चुकले की टपली खायचे. संध्याकाळी सगळी गल्ली त्या एका भट्टीचं शिजलेलं जेवायची. मग घरोघरी शेगड्या आल्या, ओव्हन आले, एकेक दोरा यायचा बंद झाला. आबांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत दोनचार म्हाताऱ्या तेवढ्या येत होत्या.

"त्या म्हाताऱ्यांची भांडी कच्ची राहू नयेत म्हणून आबा तसं म्हणाले होते," आक्का म्हणाली. "लाकडाची ढलपी वाया गेली तरी त्यांचा जीव कळवळायचा. आज ही रिकामी भट्टी बघितली असती, तर आधी तुझा कान धरला असता त्यांनी."

काकांनी सवयीनं लाकूड उचललं होतं, ते हातातच राहिलं. इतकी वर्षं आपण आबांची आठवण म्हणून ज्याला जपलं, ते आबांना मुळीच आवडलं नसतं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांनी ते लाकूड परत रचून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः समोरचे जिने चढून मावशींकडे गेले. भट्टी बदलतो म्हणाले, आणि दुपारी पुन्हा गल्लीची भांडी घेईन, म्हणजे घरोघरी वेगळा जाळ नको. मावशींनी थोडे आढेवेढे घेतले, मग चादरींपुरता एक कोपरा राखून गच्ची सोडली आणि बाकीच्या रहिवाशांनाही राजी केलं. इंजिनीअर बाईला तर हे हवंच होतं, कारण पॅनेलची वीज दुपारच्या उन्हातच भरपूर मिळते आणि आतापर्यंत दुपारी भट्टीला काम नव्हतं.

जुनी भट्टी उतरवताना काकांना तिथं उभं राहवलं नाही. नव्या भट्टीचे पहिले पाव फिकट निघाले, तेव्हा तर ते दिवसभर विजेलाच दोष देत बसले. हळूहळू हात बसला. चिमणीतून धूर दिसेना, म्हणून गल्लीतल्या लोकांनी काळजीनं विचारपूस केली, की काकांची तब्येत बरी आहे ना!

मग एका दुपारी मावशी खाली आल्या. हातात झाकणाचं भांडं होतं आणि कडीला निळा दोरा.

"आमच्या आईचा निळाच होता," त्या म्हणाल्या.

काकांनी भांडं घेतलं आणि जुन्याच फळीवरून अलगद आत सारलं.

मंडळी, वाडवडिलांचा शब्द जरूर पाळावा, पण तो त्यांनी कुणासाठी दिला होता, हे एकदा विचारून घ्यावं. शहराची हवा एकट्या पालिकेनं सुधारत नाही. कुणाला भट्टी सोडावी लागते, कुणाला गच्ची. आणि आपल्या घरात एखादी रिकामी भट्टी जळतेय का, हे दार उघडून आपणच बघायचं असतं.