डाव्या हाताचं भांडण

धवलला मी त्या रविवारी सगळ्यांसमोर झाप झाप झापलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. म्हणजे तेव्हा वाटलं नाही.

आमचा ग्रुप दर रविवारी पहाटे सव्वापाचला दिंडोशी डेपोपाशी जमतो आणि आरेच्या रस्त्याने पळतो. पंधरा-सोळा जण आहोत. बहुतेक चाळिशी ओलांडलेले, डॉक्टरने वजन कमी करायला सांगितलं म्हणून पळायला लागलेले आणि मग वेड लागलेले. नंदकुमार सर आम्हाला शिकवतात. शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले, पण शिट्टी काही सुटली नाही. आणि धवल हा आमच्यातला यंत्रवाला. मनगटाला घड्याळ, छातीला पट्टा, आणि नोव्हेंबरात घेतलेला नवा फोन. त्या फोनवर त्याने एकेकाचे स्लो मोशन व्हिडिओ काढायचा सपाटा लावला. पळण्याचा फॉर्म सुधारायला म्हणे.

माझा व्हिडिओ नऊ सेकंदांचा होता. त्याने तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हर्षदभाय, डावा हात घरी विसरून आलास काय?' चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले. मीसुद्धा एक टाकला. मग घरी येऊन मोरीचं दार लावून घेतलं आणि तो व्हिडिओ पुन्हा बघितला. किती वेळा ते मोजलं नाही. उजवा हात छान पुढे-मागे जात होता. डावा कोपरात दुमडून पोटाशी धरलेला, प्लास्टर घातल्यासारखा. नऊच्या नऊ सेकंद तो जागचा हलला नाही.

पळताना मला वाटत होतं की दोन्ही हात हलतायत. हेच मला खाऊन टाकत होतं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. काशीराम त्यांचं नाव, पण घरात, बिल्डिंगमध्ये, गावी, सगळीकडे त्यांना भाऊ म्हणतात. गिरणी बंद पडल्यावर फोर्टात एका ऑफिसात लिफ्टमन होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचं निदान झालं. त्या दिवशी मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना यांचा एक हात हलायचा बंद झाला, ते कधीपासून?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. डॉक्टर म्हणाले, "थरथर पुष्कळांना नंतर येते. आधी चालताना एका बाजूचा हात हलायचा थांबतो. घरच्यांच्या लक्षातच येत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात नऊ वर्षं पडून होतं. त्या दिवशी मोरीत ते उठून उभं राहिलं.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. मुलगी गंधाली तिसरीत आहे. जानेवारीत मला पहिली फुल मॅरेथॉन पळायची होती, बेचाळीस किलोमीटर. आणि मी मोरीत पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून घाबरून घामाघूम झालो होतो.

पुढच्या रविवारी डेपोपाशी धवलने परत फोन काढला. "हर्षद, आज साइडने घेतो. बघू हात सुधरला का."

"तो आधीचा व्हिडिओ काढून टाक," मी म्हटलं.

"अरे यार, फॉर्मसाठी आहे ना तो. मस्करीत घे की."

मग माझं तोंड सुटलं. तुला कुणी विचारलं होतं म्हटलं. स्वतःच्या पोटाचा व्हिडिओ काढ आधी म्हटलं. मागच्या वर्षी पाय मुरगळला तेव्हा पाच किलोमीटर मी तुला धरून आणलं, त्याचा व्हिडिओ काढला होतास का, तेही म्हटलं. धवलचा चेहरा उतरला. नंदकुमार सर मध्ये पडले, तर त्यांनाही, "तुम्ही शिट्टी वाजवा सर," म्हणालो. त्या माणसाने मला फुकट पळायला शिकवलं होतं. मी तिथूनच परत फिरलो आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत ग्रुप सोडला.

तेव्हापासून एकटा पळायला लागलो. फिल्मसिटी रोडचा चढ, उतार, परत चढ. बिबट्या आला तर एकट्याला खाईल असं अक्षता म्हणायची. अक्षता माझी बायको. तिला मी सांगितलं होतं, धवल फार शहाणपणा करतो, डोक्याला शॉट आहे नुसता. तिला ते पटलं, कारण माझं डोकं लवकर फिरतं हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. रागीट माणसाला ही एक सोय असते. कुणी कारण विचारत नाही.

हात सुधारायला मी काय काय नाही केलं. व्हिडिओत एक गोरा माणूस आरशासमोर बसून हात हलवायला सांगतो, ते केलं. पळताना 'डावा, डावा, डावा' असं मोठ्याने म्हणत गेलो, तर एक दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. लक्ष दिलं की हात हलायचा. शंभर पावलं हलायचा, दोनशे हलायचा. मग समोरून रिक्षा यायची, माझं लक्ष जायचं, आणि परत बघावं तर हात पोटाशी. शेवटी मी डाव्या हातात पाण्याची बाटली धरून पळायला लागलो. बाटली धरली की हात तसाच राहतो, बघणाऱ्याला काही वाटत नाही. तीन-चार दिवसांनी मलाही काही वाटेनासं झालं.

पण शंका एकदा घरात शिरली की भांड्यांपर्यंत जाते. कुठेतरी वाचलं होतं, या रोगात आधी वास जातो. रोज सकाळी मी हिंगाची डबी उघडून हुंगायचो. एकदा अक्षताने पकडलं.

"हिंग काय हुंगतोयस?"

"जुना झालाय का बघतोय."

"परवा आणलाय." तिने डबी माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

मग अक्षर. अक्षर बारीक होतं म्हणे. मी कोर्टात क्लार्क आहे, दिवसभर आवक-जावक रजिस्टर लिहितो. जेवणाच्या सुट्टीत मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि यंदाच्या शेजारी ठेवून एकेक ओळ पट्टीने मोजली. मी उजव्या हाताने लिहितो आणि शंका डाव्याची होती, तरी मोजली. अक्षर होतं तेवढंच होतं. मला अर्धा तास बरं वाटलं. मग शर्टाची बटणं डाव्या हाताने लावून बघितली आणि परत वाट लागली.

डॉक्टरकडे का गेलो नाही, असं कुणी विचारेल. गेलो असतो तर त्याने सांगितलं असतं. बस, एवढंच कारण आहे. खांदा आखडला असेल, मानेची शीर दबली असेल, काहीही असू शकतं, असं मी स्वतःला सांगायचो. आणि काहीही असू शकतं तोवर मी जानेवारीत पळणार होतो. मॅरेथॉन झाली की बघू, असं ठरवून टाकलं होतं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी अठरा किलोमीटर पळून घरी आलो तेव्हा आठ वाजले होते. अक्षता गंधालीला घेऊन जोगेश्वरीला माहेरी गेली होती. भाऊ दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना झोप लागत नाही, त्यामुळे मी पहाटे निघतो तेव्हा ते गॅलरीत असतात आणि परत येतो तेव्हा दारात. मान थोडी पुढे, दोन्ही हात मांडीवर, आणि त्यातला डावा कायम काहीतरी चोळत असल्यासारखा हलत असतो. मी नमस्कार करून आत शिरायला लागलो.

"हयसर ये," भाऊ म्हणाले. "ती बाटली थंय ठेव."

मी बाटली चपलांच्या स्टँडवर ठेवली.

"आता जिन्यापर्यंत चलान दाखव. नि परत ये."

"कशाला भाऊ? दमलोय."

"चल मा."

आमच्या मजल्यावरची गॅलरी लांब आहे, सहा घरांची. मी चालत जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. हात हलवायचे, दोन्ही सारखे, एवढंच डोक्यात होतं. भाऊ म्हणाले, "असो न्हय. आता सतराचो पाडो म्हणत चल." मी म्हणत गेलो. सतरा आठे एकशे छत्तीस आठवेपर्यंत जिना आला, मग मागे वळलो, आणि तिकडून मला भाऊ दिसत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते.

"तुझो डावो हात हलना नाय," ते म्हणाले.

तीन आठवडे मी हेच स्वतःशी म्हणत होतो, पण दुसऱ्याच्या तोंडून ते वेगळं ऐकू आलं. आणि मला राग आला. तोच नेहमीचा, लगेच येणारा.

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

भाऊंनी मला बसायची खूण केली. मी उंबऱ्यावर बसलो. भाऊ एरवी मालवणीत बोलतात आणि खरंच काही सांगायचं असलं की लिफ्टमध्ये साहेबांशी बोलायचे तसं अगदी नीट मराठीत. आता ते नीट मराठीत बोलायला लागले.

"मी भजनी मंडळ का सोडलं, तुला काय माहीत आहे?"

"बुवांशी भांडलात म्हणून. नारळावरून."

हे तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. भाऊ तीस वर्षं मंडळात मृदंग वाजवायचे. डबलबारीच्या, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्याच्या, एका कार्यक्रमात यजमानांनी मानाचा नारळ बुवांना दिला आणि मृदंगवाल्याला दिला नाही, म्हणून भाऊ भर मांडवात उठून गेले. बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गायक, आमच्याच गावचे, भाऊंचे लहानपणापासूनचे सोबती. त्यानंतर दोघे कधी बोलले नाहीत. आम्हीही बुवांकडे जाणं सोडलं.

"नारळाचं मला काय करायचं होतं?" भाऊ म्हणाले. "डावा हात मागे राहायला लागला होता. थाप पडायची, पण उशिरा पडायची. बुवांच्या लक्षात आलं. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काशी, हाताला काय झालंय. मी म्हटलं काही नाही. आता हा माणूस चारचौघांत विचारणार, असं वाटायला लागलं. तुझं लग्न ठरत होतं. बापाला असला रोग आहे म्हटल्यावर मुलीकडचे काय म्हणतील, असंही वाटलं. मग नारळाचं निमित्त मिळालं."

मी पायातल्या बुटाची नाडी सोडत राहिलो.

"दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. हातात सारखी पिशवी धरायचो, म्हणजे हात हलत नाही ते दिसायचं नाही. पडलो तेव्हा तुम्ही डॉक्टरकडे नेलंत. पहिल्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात हात बराच सुटला. तेव्हा मी हिशेब केला, दोन वर्षं आधी घेतल्या असत्या तर आणखी दोन वर्षं वाजवलं असतं. पण तोवर भांडण पक्कं झालं होतं."

"मग मिटवायचं होतंत."

"काय सांगून? खोटं भांडलो म्हणून?" भाऊंचा आवाज बारीक झाला. "बुवा गेले तेव्हा मी गेलो नाही. ते मला वाईट माणूस समजून गेले."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. भाऊंनी ती संपेपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "तू त्या धवलशी कशावरून भांडलास?"

मी तोंड उघडलं. त्याने सगळ्यांसमोर माझा व्हिडिओ टाकला, मस्करी केली, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. अक्षताला सांगितलेलं, स्वतःला सांगितलेलं. त्यातला एक शब्दही बाहेर पडेना. मला फक्त धवलचा उतरलेला चेहरा दिसत होता.

"भाऊ, मला फार भीती वाटतेय," मी म्हटलं.

"वाटणारच."

काही नसेल रे, असं ते म्हणाले नाहीत. मी त्याची वाट बघत होतो, पण ते म्हणाले नाहीत. हलणारा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. तो थरथरत माझ्या केसांत फिरला आणि मला बरं वाटलं, जिवात जीव आल्यासारखं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो," ते म्हणाले. "आज त्याला फोन लाव."

"डॉक्टरांना?"

"धवलला."

मी ग्रुप सोडला होता, पण नंबर होता. रविवारचे साडेआठ म्हणजे तो अजून आरेत असणार. त्याने उचलला तेव्हा धापा टाकत होता, मागे बुटांचा आवाज येत होता. "बोल," म्हणाला, जपून. आधी माफी मागायची असं मी ठरवलं होतं.

"धवल, माझा डावा हात खरंच हलत नाहीये. भाऊंना आहे तेच मला झालं असेल असं वाटतंय. म्हणून भांडलो तुझ्याशी. तुझी काही चूक नव्हती."

बुटांचा आवाज थांबला.

"घरी आहेस ना?" तो म्हणाला. "थांब, येतोय मी."

फोन ठेवला. भाऊ माझ्याकडेच बघत होते.

"आता अक्षताला," ते म्हणाले.

मी तिचा नंबर लावला. रिंग जायला लागली आणि तिला पहिलं वाक्य काय सांगायचं याचा विचार करता करता मला रडू आलं. भाऊंनी मला गप्प राहायला सांगितलं नाही. तिने उचलला तेव्हा मी रडतच होतो.