आडवी तिफण

"हा बैल हाय का भोवरा? चार पावलं टाकली की वळ, चार पावलं टाकली की वळ…"

आज मालनबाईच्या हट्टानं पेरणीची तिफण उताराला आडवी धरली होती, आणि चंद्रभान हे बैलांच्या कानात पुटपुटत होता. पण तिफणीमागे चाड्यावर मूठ धरून चालणाऱ्या मालनबाईला ते ऐकू न यावं इतकं काही नवरा-बायकोत अंतर नव्हतं. तिनं मुठीतली दाण्यांची धार तुटू दिली नाही. म्हणाली, "मग वळू नका. सरळ जावा."

तिफण थांबली. सरळ जायचं म्हणजे बांधावरून जायचं. बांधापलीकडं धाकट्या भावाचं, बन्सीधरचं शेत.

"अन् आबाला काय सांगू?" चंद्रभाननं विचारलं.

आबा म्हणजे त्याचे वडील, आणि तो बांध त्यांनीच पाडलेला.

राणीसावरगावच्या शिवारातली ही जमीन माळावरून नाल्याकडं उतरत गेलेली. वर मुरूम, खाली काळी. लेकांची वाटणी करायची वेळ आली तेव्हा लिंबाजी आबांनी स्वतः दोर धरला, माळापासून थेट नाल्यापर्यंत. दोघांना मुरूम सारखा, काळीही सारखी. तक्रारीला जागाच ठेवली नाही. दोराखाली बांध पडला आणि त्या दिवसापासून आबा आसपासच्या गावांचे वाटणीवाले झाले. भाऊ-भाऊ गंगाखेडच्या कोर्टाची वाट धरायला निघाले की जाणती माणसं म्हणायची, आधी लिंबाजीचा दोर आणा. तो दोर देवळीशेजारच्या खुंटीवर असे. घरात त्याला कुणी हात लावत नसे, धुणं वाळत घालायला दुसरी दोरी नसली तरी.

वाटणी न्यायाची होती, यात वादच नाही. फक्त पाण्याला ती कळली नव्हती. शेतं अशी चिंचोळी झाली की तिफण उभीच हाणावी लागे, वरून खाली. तिफणीच्या फणांची तासं उभी, बांध उभा. त्यात पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. आला की सगळा एका दमात ओतायचा आणि मग महिना-महिना तोंड दाखवायचा नाही. ओतलेलं पाणी तासातासानं पळत नाल्याला जाई, आणि रिकाम्या हातानं जात नसे. वरच्या अंगाला माती जाऊन दगड उघडे पडले होते.

उपाय काही गुपित नव्हता. दुष्काळाच्या साली मालनबाई आणि तिची धाकटी जाऊ सरजाबाई रोजगार हमीवर मातीच्या पाट्या वाहत होत्या. उताराला आडवे बांध घालायचं काम. अख्ख्या गावानं ते केलं होतं. एका दुपारी पाटी डोक्यावर घेता घेता सरजाबाई म्हणाली होती, "बाई, सरकारचे बांध आडवे घालायलोत आपण, अन् घरचा उभा!" दोघी पोट धरधरून हसल्या. मग दोघींनी पदर तोंडाला लावला. ते हसणं शेवटी सासऱ्यांवरच जात होतं.

तेव्हापासून ती गोष्ट मालनबाईच्या मनात खड्यासारखी टोचत होती. आज तिनं चाड्यावरची मूठ सोडली.

"मामांला सांगू, बैल वळंनात. म्हणून बांध थोडा दाबला."

"थोडा?"

"थोडा थोडा करत समदा."

चंद्रभाननं कासरा खाली ठेवला. मग बांधापलीकडं हाक मारली. बन्सीधर आणि सरजाबाई कुदळ-फावडं घेऊनच आले. जणू कुणी बोलवायचीच वाट बघत होते. बांध बसला, त्याच्या जागी खुणेला दगड रोवले, आणि तिफण एका भावाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात सरळ निघाली, उताराला आडवी. बैलांनाही बरं वाटलं असावं.

दिवस कलता आबा आले. बांध होता तिथं काठीनं टोचून बघितलं.

"काय झालं हे?"

"बैल वळंनात," चौघं एकदम म्हणाले.

"बैल," आबा म्हणाले, आणि घराकडं वळले.

त्या साली पावसानं एकच दणका दिला आणि दडी मारली. आजूबाजूच्या ज्वारीनं पानांच्या सुरळ्या केल्या. ह्या शेतात मात्र प्रत्येक तासानं आपल्यापुरतं पाणी धरून ठेवलं होतं. मुरमावरची ज्वारीसुद्धा कमरेला लागली. गाव बघायला येऊ लागलं. मालनबाई पदर खोचून वाटेवर उभी राही आणि लेकीला दाखवावं तसं पीक दाखवी.

"बी कुठलं वैनी?" शेजारच्या सटवाजीनं विचारलं.

"तुमी घेतलं तेच."

"खत लय टाकलं असंल."

"शेणाचंच की."

"मग?"

"मग काय! बैल वळंनात आमचे."

सटवाजीनं मान हलवली. बांध होता त्या जागेकडं बघितलं, आणि लगेच दुसरीकडं बघितलं. सगळेच तसं करत. आबा शेताकडं फिरकेनात. मालनबाईचा ऊर भरून येई आणि त्याच ठिकाणी दुखेही. पीक ओरडून सांगत होतं, आणि ती त्याच्या तोंडावर हात ठेवून उभी होती.

सुगी आटोपली आणि सटवाजी दारात आला. त्याची आणि भावाची वाटणी व्हायची होती. जमीन तशीच, उतरती. "आबा, दोर घिऊन चला."

मालनबाई दाराआड येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी सांगावं तसंच ते दोघं करणार, म्हणजे अजून एक शेत नाल्याला जाणार. बोलावं, तर म्हाताऱ्याची जन्माची पत चारचौघांत जाणार.

"मालन," आबा म्हणाले, "दोर घे."

तिनं तो पहिल्यांदा हातात घेतला. वाटला होता त्याहून फारच हलका होता.

शेतात माणसं जमली होती. सटवाजीचा भाऊ माळाच्या अंगाला जाऊन उभा राहिला. "आबा, तुमच्या शेतावानीच ना? दोर वरून खाली, अन् दोराखाली बांध?"

आबांनी उतार बघितला, खाली नाला बघितला. माणसं आपापल्या पायांकडं बघू लागली. मालनबाईला राहवेना. "मामा, ते आपले बैल…"

"बैलाचं नाव घिऊ नगं पोरी. बिचाऱ्यांनी लय दिवस झाकलं मला." आबांनी काठी जमिनीत रोवली आणि पार नाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाटे उभे पाडा, ज्याचं त्याला. पर बांध घालू नका. दगड रोवा, अन् दोघांची तिफण एक करून आडवी हाणा. माझी वाटणी चुकली व्हती. माझ्या सुनांनी ती सुधारली."