टेबलाखालचा दिवा

टीव्ही मालिकांचं नाव काढलं की लेकीच्या कॉलेजातले सर नाक मुरडतात. मी सव्वीस वर्षं मालिकांच्या सेटवर लाइटमन आहे, मला अशी नाकं नवीन नाहीत. तरी लेकीने फोटो उलगडून सांगायच्या तोंडी परीक्षेला आमच्याच मालिकेतला फोटो निवडला. सरांनी बजावलं, यात बघण्यासारखं काही नाही, नापास होशील, वर्ष जाईल. ती ऐकेना. हट्टीपणा आईकडून आलाय, असं मी घरी सांगतो.

परीक्षेला पालकांना मागे बसायची परवानगी होती. पडद्यावर फोटो आला आणि मी तो लगेच ओळखला. शेकडो फोटोंतून पोरीने नेमका तोच उचलला होता. जेवणाचं लांबलचक टेबल, एका टोकाला आई, दुसऱ्या बाजूला दारात बॅग घेऊन उभी मुलगी. आणि दाराच्या चौकटीच्या सावलीत बुडालेला आईचा अर्धा चेहरा. ती सावली ही माझी चूक. आयत्या वेळी टेबल हातभर सरकवलं आणि मी दिवा हलवायला विसरलो. मग जे काही केलं, ते घरीदारी कधी बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेक शांतपणे बोलत होती. फोटोचा सगळा मधला भाग टेबलाने आणि चार रिकाम्या खुर्च्यांनी अडवलाय, म्हणून दोघी एका खोलीत असूनही दूर वाटतात. आई मुलीकडे नाही, तिच्या बॅगेकडे बघतेय. मग ती सावलीवर आली, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी तिला थांबवलं. ही सावली चुकून पडलीय, मालिकांत घाईच असते, तू उगाच अर्थ चिकटवू नकोस, असं त्या म्हणाल्या. सरांनी लगेच मान डोलावली. मला उठून निघून जावंसं वाटलं.

"चुकूनच पडली असेल," लेक म्हणाली. "बाकीच्या भागांत या खोलीत अशी सावली कुठेच नाही. पण डोळे बघा, मॅडम. अंधारातल्या डोळ्यातही उजेडाचा ठिपका आहे, आणि तो खालच्या बाजूला. वरच्या दिव्याचा असता तर वर दिसला असता. इथे टेबलक्लॉथही चार बोटं उचललेला आहे. कोणीतरी छोटा दिवा घेऊन टेबलाखाली बसलंय. चूक झाली, पण ती त्याने कामाला लावली. म्हणून आई अंधारात आहे, तरी तिची नजर दिसते."

बाई उठून पडद्याजवळ गेल्या. टेबलक्लॉथची कड बराच वेळ निरखली. कोण बसलं असेल, त्यांनी विचारलं.

"सेटवरचे लाइटमन," लेक म्हणाली. मागे वळूनही पाहिलं नाही.

ती पास झाली, वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळवून. बाहेर आल्यावर आनंद बाजूला ठेवून मी आधी तिच्यावरच डाफरलो. "'तो लाइटमन माझा बाप आहे', एवढं सांगायला तुझं काय जात होतं?"

"सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, तुम्हीच मला शिकवून पाठवलंत," ती म्हणाली. "तुम्ही कुठे काय सांगितलं होतं? माझं मी बघितलं, बाबा."

मला तिचा फार अभिमान वाटला. सव्वीस वर्षांत माझं काम पहिल्यांदाच कोणाला तरी दिसलं होतं.