निळ्याचा निवाडा

जुना प्रोग्रॅम एकटा होता तोवर गजाननचं बरं चाललं होतं.

नरोली रस्त्यावरच्या सूत रंगवणाऱ्या कारखान्यात तो रंगमास्तर. गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा पाठवी, प्रयोगशाळेतली धनश्री तो यंत्राखाली धरी, आणि कोणता रंग किती घ्यायचा ते कॉम्प्युटर सांगे. मग छोट्या भांड्यात रंगवलेली सुताची लडी दिव्याच्या पेटीत गजाननपुढे येई. त्यानं मान तिरकी करून पाहायचं, जरा वेळ घ्यायचा आणि म्हणायचं, "जाऊ द्या." की माल जाई. जुना प्रोग्रॅम सहसा चुकत नसे. मानेवर काम भागे.

आता मानच उरली होती. साखरेनं त्याच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पडदा काही नवा बसवता येत नाही, असं वापीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. तांबडा अजून दिसे. निळा गेला होता. आकाशी, जांभळा, करडा, सगळे एकाच गोणपाटातून कापल्यासारखे. हे ठाऊक होतं एकट्या पुतळाबाईला, त्याच्या बायकोला. धुळ्याकडची मिल बंद पडल्यावर दोघं इथे आली होती. राहायला कंपनीची खोली. मास्तरचे डोळे गेले की नोकरी गेली, आणि नोकरीमागोमाग खोली.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. मॅनेजर अरविंदभाई धंद्यातला माणूस, नव्यावर एकदम भरवसा टाकणारा नव्हे. त्यानं दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले, एकावर जुना, एकावर नवा. महिनाभर प्रत्येक शेड, म्हणजे रंगाची छटा, दोघांकडून काढायची, दोन लड्या रंगवायच्या, आणि नमुन्याच्या जवळ कोणती ते ठरवायचं. हरेल त्याची सुट्टी.

"ठरवणार कोण?" धनश्रीनं विचारलं.

"मशीनला विचारलं तर जुना म्हणेल माझी पास, नवा म्हणेल माझी पास. सासू-सुनेचा न्याय कधी सासूनं केलाय? आपले मास्तर आहेत ना! त्यांची नजर."

सगळे हसले. गजाननही हसला. त्याला दोन्ही लड्या सारख्याच दिसणार होत्या.

पण माणूस वाट काढतो. जुन्याची लडी धनश्री नेहमी डावीकडे ठेवी. गजानन "डावी" म्हणू लागला. संशय नको म्हणून मधूनच एखाद दिवशी नव्यालाही मान द्यायचा. धनश्रीचा चेहरा उतरत चालला. नवा प्रोग्रॅम तिनंच हट्टानं मागवला होता, आणि अरविंदभाई जाता-येता टोमणे मारी, "क्यों बेन, तुमचा जावई नापास?"

एके दिवशी दुपारी वीज गेली आणि परत आली. घाईत धनश्रीनं दोन्ही कॉम्प्युटरांवर जुन्याच्याच फ्लॉप्या चढवल्या. मापांचे दोन्ही कागद दशांशापर्यंत सारखे आले, तेव्हा तिला आधी वाटलं, चला, एकदाचं पटलं दोघांचं! लड्या एकाच भांड्यात बुडवून, वाळवून पेटीत ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरा प्रोग्रॅम चाललाच नव्हता. ती सांगायला वळली, तोच अरविंदभाई आत आला आणि गजाननचं पाहून झालं होतं.

"डावी," गजानन म्हणाला. "उजवी जरा पिवळ्याकडे जाते."

धनश्रीनं लड्या पेटीतून काढून घेतल्या. अरविंदभाई खूश होऊन निघून गेला.

मग ती हळूच म्हणाली, "मास्तर, दोन्ही लड्या एकाच भांड्यातल्या होत्या."

पेटीतला दिवा जळत होता. गजाननला पहिल्यांदा राग आला, आपल्याला फसवलं म्हणून. मग तिच्याकडे पाहिलं, तर तीच रडायच्या बेतात.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"निळ्याचं म्हणतेस? वर्षाच्या वर झालं. आता सांग जाऊन."

"मी कशाला सांगू?" तिनं पदरानं नाक पुसलं. "उद्या भिवंडीच्या पार्टीचा निळा आहे. मला बरोबर वाटेल ती लडी मी डावीकडे ठेवते. तुम्ही डावी म्हणा. कुणाला कळायचं नाही."

गजाननला एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मात्र घरी पोचेपर्यंत वाढत गेली.

पुतळाबाई भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हाताचं पीठ झटकलं.

"म्हंजे पाहणार ती पोर, आन् मास्तर तुम्ही?"

"आतापावेतो तरी कोण पाहत होतं? मशीन."

"मशीनले अब्रू नही. त्या पोरीले शे. उद्या गळ्याशी आलं तर तिचा गळा जाईल, तुम्ही म्हाताऱ्यावानी बसाल मान हलवत."

"खोली जाईल, पुतळे."

"जाईल. मी काय खोलीशी लगीन लावलं व्हतं?" तिनं भाकरी उलटली. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "घाबरले का?"

"हो."

"मी बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अरविंदभाई पेटीशी उभा होता. मध्ये भिवंडीचा नमुना, दोन्ही बाजूंना लड्या. धनश्री लड्यांवरून नजर हलवत नव्हती.

"बोलो मास्तर."

एक शब्द होता. डावी. लहान मुलालाही बोलता आला असता.  गजानननं खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. काही फरक पडणार नव्हता, पण हातांना काम हवं होतं.

"अरविंदभाई, हिला विचारा," तो म्हणाला. "मला निळा दिसत नाही."

"आज तबियत ठीक नाही?"

"आजचं नाही. वर्ष होऊन गेलं."

अरविंदभाईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, खालचं दुकान उठून गेलेल्या पाटीसारखं. "आणि इतका माल? तो कोणी पास केला?"

"जुन्या प्रोग्रॅमनं. मी मान हलवली."

 बाहेर रंगाच्या टाक्या धडधडत होत्या. अरविंदभाई ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला आणि कपाळ चोळत राहिला.

"मला आधी सांगायचं ना, मास्तर," तो म्हणाला. "मी काय राक्षस आहे?" मग उठून, आवाज कोरडा करून, "आजच्यानंतर पेटीला हात लावू नका. खोली महिनाअखेरीपर्यंत ठेवा. तुमचा हिशोब मी करायला सांगतो." आणि धनश्रीकडे वळला, "तू बोल. कौनसी?"

धनश्रीनं पेटीत पाहिलं. "डा..." म्हणता म्हणता ती थांबली.

"तशी नाही बघायची," गजानन मागून म्हणाला. हात त्यानं पाठीमागे बांधून घेतले होते. "तू आल्यापासून टक लावून बसलीस, डोळे भरलेत निळ्यानं. खाली फरशी बघ. करडी फरशी. बघत राहा. आता वर. लडीकडे नाही, आधी नमुन्याकडे. आता बोल. डावी कशी दिसते?"

ती बराच वेळ पाहत राहिली.

"डावी... जरा हिरवट मारते, मास्तर."

"आणि उजवी?"

"उजवी नमुन्यासारखी." तिचा चेहरा पडला. "डावी नव्याची आहे. मला वाटलं होतं तीच बरोबर, म्हणून मी..." ती अरविंदभाईकडे पाहून गप्प झाली.

 गजानननं "डावी" म्हटलं असतं तर भिवंडीचा सगळा माल हिरवट गेला असता, आणि दोघांनी मिळून तो वाया घालवला असता.

"म्हणजे जुना जिंकला?" अरविंदभाईनं विचारलं.

"आजच्यापुरता," धनश्री पुटपुटली. "नव्याचं महिनाभराचं पुन्हा बघावं लागेल. सगळ्या लड्या नव्यानं."

"बघ," गजानन म्हणाला. "पण पहिल्यांदा हे सांग. नक्की उजवी?"

"नक्की."

"मग मोठ्यानं सांग, बाई. शेड अशी कुजबुजून सांगायची नसते."