मी कुणालाच नापास केलं नाही

मी एक जुना कागद आहे. वयाने चारच वर्षांचा, पण मनाने म्हातारा झालोय. अंगावर सोनेरी शिक्का आहे आणि 'प्रमाणित शक्ती व क्षमता प्रशिक्षक' असे भारदस्त शब्द. मित्रांनो, त्या शब्दांत किती दम आहे, तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका घरातल्या साध्या प्रिंटरवर झाला. व्हॉलीबॉल खेळताना गुडघा दुखावलेल्या एका मुलीला खेळाडूंची ताकद वाढवणारी प्रशिक्षक व्हायचं होतं. सगळे तिला ताई म्हणत. तिने शनिवार-रविवार बसून एका कंपनीच्या ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ पाहिले आणि शेवटी वीस प्रश्न सोडवले. उत्तर चुकलं की पडद्यावर यायचं, 'पुन्हा प्रयत्न करा'. सहावा प्रश्न तिने चौथ्या खेपेला बरोबर सोडवला, कारण तेवढा एकच पर्याय उरला होता!

तिच्या वडिलांनी मला हौसेने काचेत बसवून आणलं. "लेक आता कागदोपत्री पहिलवान झाली," ते तिच्या आईला म्हणाले. "कपाट सरकवायचं राहिलंय ना? तिलाच सांग."

गावातल्या क्रीडा क्लबच्या व्यवस्थापकांनी ताईला एकच विचारलं, "सर्टिफिकेट आहे ना?" कुठलं, कोणी दिलेलं, हे त्यांना सुचलंच नाही. मग मी व्यायामशाळेच्या भिंतीवर चढलो. पालक यायचे, माझ्याकडे बघून मान डोलवायचे. मलाही ते गोड लागायचं. खोटं कशाला बोलू?

ताई मनाने चांगली होती. वेळेआधी यायची, कुणाचा पाय दुखतोय हे लक्षात ठेवायची. पण तिने सगळं पडद्यावर पाहिलं होतं, आणि तिथे कॅमेरा नेहमी समोर असायचा. म्हणून ताईही नेहमी समोरच उभी राहायची.

त्या संध्याकाळी चिमणी नावाने ओळखली जाणारी लांब उडीची खेळाडू रॅकमध्ये, म्हणजे दांडा ठेवायच्या लोखंडी चौकटीत, उभी होती. वय सोळा. खांद्यावर लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना वजनं. दांडा घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. उठता आलं नाही तर दांडा टेकावा म्हणून रॅकला दोन आडव्या पट्ट्या असतात. आधीच्या खेळाडूने त्या पार खाली सरकवल्या होत्या. ताईने त्या पाहिल्या नाहीत. पाहायच्या असतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"अजून एक! जमेल तुला!" ताई समोरून म्हणाली.

चिमणी खाली गेली आणि तिथेच अडकली. गुडघे थरथरले, पाठ पुढे वाकली, दांडा मानेकडे सरकला. "ताई..." एवढंच ती बोलली. ताई पुढे धावली, पण समोरून दांडा धरणार कुठे? मी भिंतीवरून सगळं पाहत होतो. खाली उडी मारावीशी वाटली, पण खिळ्याने धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात क्लबमध्ये वेटलिफ्टिंग शिकवणारे थोरले सर मागून आले. त्यांनी चिमणीच्या पाठीमागे उभं राहून दांड्याला हात घातला आणि तिच्याबरोबर उठत तो जागेवर ठेवला. चिमणीच्या मानेवर लाल वळ उठला. हाडं शाबूत होती.

तिचे बाबा दारातच उभे होते. "कुठे शिकलात हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

ताईचा हात सवयीने माझ्याकडे उचलला गेला. अर्ध्यावर थांबला. मग तिने तो खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी ताईने दोन फोन लावले. पहिला, मला देणाऱ्या कंपनीला. "मॅडम, वरच्या पातळीचा कोर्स आलाय! तीन दिवस फक्त!"

"त्यात कुणी नापास होतं का?" ताईने विचारलं.

"छे छे! शंभर टक्के निकाल!"

दुसरा फोन थोरल्या सरांनी सुचवलेल्या संस्थेला. तिथल्या बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आधी पदवी लागेल. जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ठरलेले तास. प्रथमोपचार. मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. परीक्षा घेणारे वेगळे असतात, शिकवणारे नाहीत. पास झालात तर नाव आमच्या प्रशिक्षकांच्या यादीत लागतं, ती यादी कुणीही बघू शकतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण."

"नापास होतात?"

"पुष्कळ."

"मग मला अर्ज पाठवा," ताई म्हणाली.

त्याच दुपारी तिने मला उतरवलं आणि झाडू-फडकी ठेवायच्या कपाटावर उभं केलं. पदवी तिच्याजवळ होती. सहा महिने ती थोरल्या सरांच्या हाताखाली राबली, रॅकच्या मागे उभं राहायला शिकली. मग परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी चिमणीचे बाबा मुलीची बॅग खांद्याला लावून आले.

"काय झालं?"

"लेखी निघाली. प्रत्यक्षात नापास."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा बसणार. तोवर चिमणीला सर शिकवतील, मी शेजारी असेन. दुसरीकडे न्यायचं असेल तर चांगली नावं लिहून देते."

बाबांनी भिंतीवरच्या माझ्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. माझी काच तडकेल असं वाटलं. मग त्यांनी खांद्यावरची बॅग काढली आणि बाकावर ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारखे कागद भिंतीभिंतीवर आहेत, आणि आम्ही दिसतो छान. पण कुणी तुमच्या खांद्यावर वजन ठेवणार असेल, तर शिक्क्याला भुलू नका. परीक्षा कोणी घेतली ते विचारा. यादीत नाव शोधा. विचारायला लाजू नका, कारण मान तुमची आहे.