लव्हाळ्यातली मोजणी

"काका, अजून तीन वर्षं. मग या तळ्यात चांदणी औषधालासुद्धा सापडायची नाही." मत्स्यखात्याच्या संशोधक मॅडमनी संगणकाचा पडदा काकांकडे वळवला. दोन रेघा होत्या. बाहेरून आलेल्या परक्या माशाची वर चढत गेलेली. चांदणीची, म्हणजे तळ्यातल्या मूळच्या मासळीची, तळाला टेकलेली.

तळ्याचे राखणदार काका त्या रेघेकडे बघत राहिले. दहा वर्षं दर सोमवारी जाळं टाकून मासे त्यांनीच मोजले होते. त्याच आकड्यांवर मॅडमनी गणित मांडलं होतं: कोण कोणाच्या तोंडचा घास किती पळवतो, याचं. शुक्रवारी खात्याचे साहेब हुकमावर सही करणार होते. चांदणी गेल्यातच जमा, तेव्हा काठची लव्हाळी उपटायची आणि अख्खं तळं परक्या माशाच्या पैदाशीला द्यायचं.

 काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

"मॅडम, माझी एक चूक झालीये. जेवण झालं की मी धक्क्यावर डबा धुतो. उरलंसुरलं पाण्यात."

"मग?"

"परका मासा हावरट. सारखा तिथंच घुटमळतो. आणि जाळंही मी तिथंच टाकतो. गुडघे दुखतात, होडी कोण काढणार."

"दहा वर्षं तुम्ही त्यांना जेवायला बोलावून मोजताय?"

"तसंच म्हणा."

मॅडम आधी चिडल्या, मग त्यांना हसू आवरेना. पुढचे तीन दिवस पहाटे दोघांनी होडी काढून नऊ जागी जाळं टाकलं. लव्हाळ्यात जाळं चांदणीनं लखलखायचं. रुंद पाठीचा परका त्या दाटीत शिरूच शकत नव्हता.

शुक्रवारी साहेबांनी कागद चाळले. "म्हणजे राखणदार, दहा वर्षांचे आकडे गेले?"

"आकडे गेले, साहेब. मासे नाही गेले."

मॅडमनी नवं गणित दाखवलं. लव्हाळी ठेवली तर दोन्ही रेघा शेजारी शेजारी चालत राहत होत्या. काढली, की चांदणीची रेघ खाली. साहेबांनी तीनदा "नक्की?" म्हणून विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. शेवटी त्यांनी लव्हाळी उपटण्याचा हुकूम खोडला.

"आणि पुढची मोजणी?"

"काका शिकवतील नव्या माणसाला," मॅडम म्हणाल्या. "होडीतून."

काका उठले. पहाटेच्या होडीतले बूट अजून ओलेच होते. दारापर्यंत चिखलाचे ठसे उमटत गेले. शिपाई फडकं घेऊन पुढे आला, तर साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं.